हातभर उचल

आषाढ लागला, आभाळ कोरडंच
सोमवार, जुलै २०१९

ती. आत्यांस,
क्षेमाचा सविनय जय भीम.

वि. वि. येथील सर्व क्षेम आहे, असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं हे बाबांनी मला शाळेत घालायच्या आधी घरच्या पाटीवर शिकवलं. तेव्हापासून हे वाक्य लिहिताना मी अवघडते, कारण घरातली क्षेमा मीच, आणि नेमकं माझंच क्षेम नसतं. बाकी सगळे बरे आहेत. आईचे गुडघे पाण्याच्या घागरी वाहून दुखतात, पण ते दरवर्षीचं. बाबांचा बीपी गोळीवर आहे. विनयच्या कोपराला खपली धरली आहे (कोपर कसं फुटलं ते पुढे येईलच). तुमची कंबर कशी आहे? बद्रीनाथमामांचा खोकला थांबला का? वडवणीला नळाला पाणी येतं की तुम्हीही टँकरच्या भोंग्यावर कान ठेवून स्वयंपाक करता?

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण आई फोन स्पीकरवर लावते, आणि आमच्या ओट्यावर टँकरची वाट बघत कोणी ना कोणी कायम बसलेलं असतं. शिवाय परवा तुम्हीच फोनवर विचारलंत, "शेमे, खरं सांग, कोयता कोणासंगं?" आणि मी तोंड उघडायच्या आत कोयत्याचं नुसतं नाव ऐकून आईने पुन्हा रडायला सुरुवात केली आणि फोन बंद झाला. तेव्हापासून तुमच्या मनात काय काय येऊन गेलं असेल या विचाराने माझं दूध मोजण्यात दोनदा चुकलं. म्हणून आधी मुद्द्याचं लिहिते. मी उचल घेतलेली नाही. मी ऊस तोडायला जाणार नाही. मी कोणाशीही गुपचूप लग्न केलेलं नाही. मी फक्त विनयच्या मोटारसायकलचं पुढचं चाक हवेत उचललं. (हे वाचून तुम्हाला हायसं वाटेल की आणखी धसका बसेल, ते मला इथून कळत नाही.)

आता पहिल्यापासून सांगते. विनय चाकणच्या कंपनीतून परत आला तेव्हा त्याने बरोबर कपड्यांची बॅग आणि ही गाडी एवढंच आणलं. गाडी स्पोर्टची आहे. काळी, पुढे वाकलेली, मागची सीट इतकी उंच आणि इतकी अरुंद की आईला दवाखान्यात न्यायचं म्हटलं तर ती म्हणते, तू हो पुढं, मी चालत येते. दुधाचा कॅन टांगायला जागा नाही, कडब्याची पेंढी बांधायला कॅरिअर नाही. बाबांनी तिच्याभोवती एक फेरी मारून विचारलं, "हिचा उपयोग काय?" विनय म्हणाला, "स्पोर्ट." बाबा गप्प बसले. जे आपल्याला येत नाही त्यावर बोलू नये हा त्यांचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे. अक्षरांच्या आधी आम्हा भावंडांना त्यांनी तोच शिकवला. नियम थोर आहे. फक्त आमच्या घरातल्या बहुतेक अडचणी त्यातूनच निघतात.

मे महिन्यात मी संस्थेच्या कामाने एसटीने बीडला निघाले होते. (भाची दूध संस्थेची सचिव आहे असं तुम्ही वडवणीत सगळ्यांना सांगता. संस्थेत आता मोठे कॅन पालथे पडलेत आणि आम्ही लहान किटल्यांवर आलो आहोत, हे सांगत नाही, त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे.) चौसाळ्याच्या अलीकडे हायवेवर एसटी एका ट्रकमागे रेंगाळत होती. तेवढ्यात माझ्या खिडकीशेजारून एक मोटारसायकल एका चाकावर गेली. दुसरं चाक खिडकीच्या उंचीला, हवेत रिकामं फिरत होतं. समोरून पाण्याचा टँकर येत होता. गाडी ट्रक आणि टँकरच्या मधल्या फटीतून निघाली, चाक खाली आपटलं, गाडी डुगडुगली आणि कशीबशी सावरली. सगळी एसटी उठून उभी राहिली. कंडक्टर म्हणाला, "कोन्या मायचं लेकरू हाय बे हे? जिवावर उदार झालंय." माझ्या शेजारची बाई म्हणाली, "माय काय करील बिचारी? घरात मोठी भैन असंल तर तिनं थोबाडावं." त्या पोराच्या अंगातला शर्ट मीच सकाळी इस्त्री करून दिलेला होता. मी खाली बघत बसले. माझा भाऊ आहे, हे मला त्या एसटीत म्हणता आलं नाही, आणि नाही म्हटलं याचंही मला बीड येईपर्यंत वाईट वाटत राहिलं.

घरी आल्यावर विनयला गोठ्यामागे गाठलं. तो शांतपणे म्हणाला, "ताई, तुला येतंय का ते?" मी म्हटलं, नाही. "मग बोलू नको. बाबांचा नियम हाय." दुसरी कोणी असती तर एसटीतल्या बाईचं ऐकून मोकळी झाली असती. मी मात्र नियमात अडकले. बाबांना सांगावं तर त्यांचा बीपी. आईला सांगावं तर ती बाबांना सांगणार. त्याचा चाकणचा एक दोस्त असाच पडून दवाखान्यात पाय टांगून आहे, त्यावरही विनयचं म्हणणं एवढंच, की त्याचं टेक्निक चुकलं. मी पुष्कळ विचार केला, आणि विचार करून मी नेहमी येते तशी चुकीच्या ठिकाणी येऊन पोचले. मी म्हटलं, मला शिकव. मला आलं की मग मी बोलेन. विनय इतका हसला की म्हैस बिचकली. म्हणाला, "तू एकदा हातभर चाक उचलून दाखव. गाडीची किल्ली तुझी. हायवेवर पुन्हा पाय ठेवनार न्हाई." मी म्हटलं, आणि तिसरा माणूस साक्षीला हवा, म्हणजे उद्या कोणाला फिरता येणार नाही. आत्या, पुढचा सगळा गोंधळ या साक्षीदाराने झाला, आणि साक्षीदार मीच मागितला होता.

जागा ठरली पाझर तलावाची. तलाव तुम्हाला भरलेला आठवत असेल. आता त्यात नुसता तळ आहे, सपाट, पांढरा, मधून मधून भेगाळलेला. (पाणी नसलं तरी तलाव सरकारचा आहे, तेव्हा परवानगी कोणाकडे मागायची हा प्रश्न मला पडला. मी तलाठ्याला आडून विचारलं की कोरड्या तलावात फिरलं तर चालतं का. तो म्हणाला, "ताई, पान्यासाठी कोनी येत न्हाई, तुमी फिरायला कावून इचारताव?") भल्या सकाळी संस्थेचं दूध गेलं की मी तिकडे जायची. हेल्मेट विनयचं, त्याच्या काचेवरचा दुकानातला प्लास्टिकचा कागद अजून निघालेला नव्हता. गुडघ्यांना आणि कोपरांना मी पेंडीच्या रिकाम्या पोत्याच्या पट्ट्या बांधल्या होत्या.

चाक उचलण्याचं तत्त्व सोपं आहे. पहिला गिअर टाकायचा, क्लच दाबून रेस वाढवायची, क्लच झटक्यात सोडायचा आणि अंग मागे टाकायचं. गाडी पुढून उठते. फारच उठली तर मागचा ब्रेक दाबायचा, म्हणजे ती खाली येते. अडचण एवढीच, की मला आयुष्यात झटक्यात काही सोडायची सवय नाही. मापातल्या दुधावरचा फेस बसायची वाट बघावी तसा मी क्लच सोडायची, आणि गाडी गरीब गाईसारखी चालू लागायची. विनय मागून ओरडायचा, "सोड की! सासरला चाललीस का हळूहळू?" मग एक दिवस चिडून मी सोडला. गाडी पुढे गेली आणि मी मागे राहिले, जागच्या जागी, मांडी घालून बसल्यासारखी. उठून बघते तर भोवती शेरडं. पोत्याला पेंडीचा वास होता आणि बिचारी उपाशी होती. एक शेळी माझ्या गुडघ्याची पट्टी चावायला लागली. ही शेरडं भिवराबाईची. चारा छावणीत गायी-म्हशी घेतात, शेरडांना घेत नाहीत, म्हणून ती त्यांना तलावाच्या तळातल्या बाभळींखाली आणते. ती धावत आली आणि म्हणाली, "कावून मरायलीस गं माय? लगीन ठरंना म्हनून का?" मी म्हटलं, नाही, भावाला शिस्त लावतेय. तिने माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि शेळीला म्हणाली, "सोड गं तिला. तिचं आधीच बिघडलंय."

अशा रीतीने साक्षीदार मिळाला. रोज मी पडायची, रोज भिवराबाई बाभळीखालून सल्ला द्यायची, रोज शेरडं पट्ट्या खायची, आणि मी घरी जाऊन आईला सांगायची की सायकलवरून पडले. (हे खोटं होतं. पुढे मी सुधारून "गाडीवरून पडले" म्हणू लागले. कोणती गाडी ते तिने विचारलं नाही.) विनयला कंटाळा येऊन एकदा तो "असं असतं" म्हणत स्वतः बसला, चाक भेगेत गेलं आणि त्याचं कोपर फुटलं. त्यानंतर तो जरा लांब, तलावाच्या भरावावर बसून फोन बघत शिकवू लागला.

गेल्या सोमवारी ते झालं. कसं ते मला सांगता येत नाही. आदल्या दिवशी टँकर आला नव्हता, संस्थेत दोघांचं दूध फाटलं होतं, मला इतका शीण आला होता की क्लच हळू सोडायचंही बळ नव्हतं. तो सुटला. चाक उठलं, आपटलं. मी पुन्हा रेस दिली, पुन्हा उठलं आणि थोडा वेळ उठलेलंच राहिलं. भिवराबाई काठी टाकून ओरडली, "उचलली! शेमानं उचलली!" तिचा आवाज तुम्हाला माहीत आहे. छावणी भरावापलीकडेच आहे. विनय फोनमधून डोकं काढून म्हणाला, "मी बघितलंच न्हाई. धरायचं न्हाई." आणि किल्ली घेऊन निघून गेला. मी तलावाच्या तळात उभी राहिले आणि मला वाटलं, आता पुन्हा पहिल्यापासून.

पण तोवर छावणीत काय झालं होतं ते मला ठाऊक नव्हतं. आपल्याकडे आषाढात बाई ओरडली की अमकीनं उचलली, तर काय उचललं हे कोणी विचारत नाही. मुकादमाने कारखान्याच्या हंगामाआधी मजुराला दिलेले पैसे, ती उचल, एवढी एकच गोष्ट या दिवसांत उचलली जाते. आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात आणि अर्ध्याला मुकादम घेत नाही. म्हणजे क्षेमाने उचल घेतली, तर दुसरा अर्धा कोण? दुपारी हे संस्थेत पोचलं. संध्याकाळी लोक आले ते किटल्या न घेता आले. चेअरमन विठ्ठलराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "सचिवबाई, संस्था बुडनार हे तुमाला आधी कळलं असंल तर आमाला सांगायचं तरी. तुमीच कोयता धरल्यावर लोक दूध कशाला घालतील?" उचल घेतली नाही असं मी समजावत होते, पण मी जितकं खरं बोलावं तितकं ते त्यांना खोटं वाटत गेलं.

घरी आले तर ओट्यावर ज्ञानोबा मुकादम. रागाने नव्हे, दुखावून बसलेला. "मोहनराव, आपली येवढ्या वर्सांची वळख. घ्यायचीच हुती तर माझ्याकडून घ्यायची. दुसऱ्याच्या दारात कावून गेली पोरगी?" आई आत रडत होती. आत्या, तुम्ही आणि आई एकाच टोळीत मोळ्या बांधायचात, तुम्हाला ते मी काय सांगू. माझ्या वेळी दिवस गेले तेव्हा तिने कोयता टाकला तो पुन्हा हातात धरला नाही, आणि आता तिला वाटत होतं की तो मी उचलला. मला तेव्हाच सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण दारात विनय उभा होता, पांढराफटक, आणि मान हलवून सांगत होता, नको. बाबा म्हणाले, "मला यातलं काही माहीत नाही, म्हणून मी बोलणार नाही. ज्याने बघितलं त्याला बोलवा." भिवराबाईला बोलावलं. ती शेरडांसकट आली.

ज्ञानोबा म्हणाला, "भिवराबाई, खरं बोल. हिनं उचलली?"

"उचलली की. ह्या डोळ्यानं बघितली."

"किती?"

"हातभर."

ज्ञानोबाने हात पुढे करून नोटांच्या चळतीची उंची बघितली. "हातभर? माझी अख्खी टोळी मिळून येवढी घेत न्हाई! एकदम?"

"न्हाई बा. पयली उचलली ती आपटली. मग दुसरी उचलली."

"दोन उचली!" ज्ञानोबाने डोकं धरलं. "एक बुडवून दुसरी घेतली! मोहनराव, फौजदारी व्हती ही."

आईने आतून विचारलं, "संगं कोण हुतं गं?"

"कोन असनार? एकलीच. इनय पळायचा मागं मागं."

"भावासंगं कोयता?" आई ओट्यावर येऊन मटकन बसली.

"कोयता कुठला माय! डोक्यावर त्ये गाडगं हुतं काचेचं."

इतका वेळ गप्प बसलेल्या बाबांनी तेव्हा एकच प्रश्न विचारला. "भिवराबाई, उचललं काय?"

"चाक!" भिवराबाई म्हणाली. "त्या काळ्या घोड्याचं. तुमी दुसरं काय समजलाव?"

नंतर बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि मी, विनय मान हलवत असताना, सगळं सांगितलं. एसटी, ट्रक, टँकर, पैज, तलाव, आणि सायकलवरून पडले तेही. बाबा उठले, विनयसमोर उभे राहिले. मला वाटलं बीपी चढला. ते म्हणाले, "गाडीतलं मला येत नाही. पण कापसाच्या जिनिंगवर कामाला होतो तेव्हा गेटवर ट्रकखाली आलेला हमाल मी बघितला. तो गोळा करायला मी होतो. ते मला येतं. त्यावर मी बोलू शकतो." एवढंच. विनय खाली बघत होता. तरी बोलला, "पण बाबा, हातभर न्हाई उठलं. इतभरच उठलं. आन् मी बघितलं न्हाई."

इथे ज्ञानोबा मुकादम उभा राहिला. त्याच्या जिवावरचं ओझं उतरलं होतं आणि आता त्याला उत्साह आला होता. "हे बघ इनय," तो म्हणाला, "आमच्या धंद्यात कागद नसतो. साक्षीदारानं बघितली की उचल झाली. तू बघितली का न्हाई, ते इचारत न्हाईत. हात का इत, ते बी इचारत न्हाईत. उचल झाली म्हंजी बोली पक्की, मग आजारी पड न्हाईतर मर, बोली पाळायची." आत्या, या बोलीपायी किती माणसं आजारपणात फडावर गेली ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि आम्हाला ज्ञानोबाचा राग यावा असं पुष्कळ आहे. पण त्या दिवशी तो नियम पहिल्यांदा कोणाला तरी घरी ठेवण्यासाठी वापरला गेला. विनयने किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. आईने डोळे पुसले आणि मला विचारलं, "लागलं का गं कुठं?" मी म्हटलं, सगळीकडे.

तर हे असं आहे. वडवणीत ज्यांच्या ज्यांच्या कानावर गेलं असेल त्यांना तुम्ही समजावून सांगा. माजलगावची जी मंडळी मला बघायला येणार होती त्यांना फक्त उचल घेतली नाही एवढंच सांगा, चाकाचं नको. (किंवा सांगा. लपवून ठेवलं असं नको व्हायला. तुम्हाला योग्य वाटेल ते करा, मी या विषयावर विचार करायची थांबले आहे.) संस्थेत दूध पुन्हा येऊ लागलं आहे, म्हणजे जेवढं आहे तेवढं.

मोठ्यांना जय भीम, धाकट्यांच्या डोक्यावरून हात. तब्येतीला जपा.

तुमची, अंग अजून दुखत असलेली,
क्षेमा

ता. क. : मुख्य काम लिहायचं राहिलं. बद्रीनाथमामांना टेम्पो घेऊन पाठवा आणि ही गाडी तुमच्या वाड्यात कुलूप लावून ठेवा. विनयची काळजी नाही. त्याने किल्ली पुन्हा मागितली नाही, छावणीत चारा वाटायला जातो, आणि परवा हायवेवरून जायचं तर एसटीने गेला. काळजी माझी आहे. गुरुवारी मी तलावात गेले, पहिल्यांदा आलं ते खरंच आलं होतं की चुकून, याची खात्री करायला. त्याला बोलायचं तर अधिकार खरा हवा. शुक्रवारी गेले ती त्या खात्रीची खात्री करायला. काल कशाला गेले याचं कारण मला अजून सापडलेलं नाही. आत्या, चाक उठलं की तलावाचा तळ दिसत नाही. समोर नुसतं आभाळ असतं, आणि तेवढा वेळ त्यात ढग आहे की नाही हे मी बघत नाही.

ता. क. २ : मामांची अगदी घाई करू नका. पाऊस पडला की तलावात पाणी येईल आणि हा प्रश्न आपोआप मिटेल. लवकर पाऊस पडू दे, असं सगळ्यांबरोबर मीही रोज मनात म्हणते. काल म्हणायचं राहून गेलं. हे बाबांना सांगू नका.